उचल

फुटबॉल हा काही आमच्या बांधावरचा खेळ नव्हे. करवीर तालुक्यातलं आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, उसाचं. गावात तालीम, तालमीत लाल माती, आणि आमच्या पिढीनं अंगाला लावली ती तीच. पण धाकटी बहीण कोल्हापुरात पेठेत दिली आणि तिच्या घराच्या वाटेनं हा खेळ माझ्या आयुष्यात आला. कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. तिथं टीमची नावंसुद्धा तालमींची. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर माणूस माणसाला चिकटून बसतं. रिक्षावाला, सराफ, कॉलेजचं पोरगं, निवृत्त मास्तर, सगळे एका रांगेत. पेठेतल्या लहान पोराला पाढे यायच्या आधी आपल्या टीमचा रंग कळतो.

माझा भाचा त्यातलाच. कुठल्या टीमचा ते मी सांगत नाही. सांगितलं तर हे वाचून चौघं माझ्या घरी येतील आणि चौघं बहिणीच्या. एकोणीस वर्षांचा असताना तो सीनियर टीममध्ये आला. पहिलंच वर्ष. अंगानं बारीक, पण पायात वारं. पाच सामन्यांत चार गोल मारले आणि चौकात त्याचा डिजिटल फलक लागला. आजूबाजूला पेठेतल्या थोरामोठ्यांचे फोटो आणि मधोमध हा, मिसरूडसुद्धा नीट न फुटलेला. बहिणीनं फोन केला. आमच्याकडं कोल्हापूर भागात बायका पुरुषासारखंच बोलतात, "मी जातो, मी येतो." तशी ती म्हणाली, "दादा, मी त्या चौकातनं जायचं बंद केलोय. एवढा मोठा फोटो बघून माझ्या पोटात खड्डा पडतोय." मी हसलो. म्हटलं, आईचं काळीज. आणि पुढच्या रविवारी मुद्दाम त्या चौकातनं मोटारसायकल घेतली, फलकाखाली थांबलो, चहा प्यालो. चहावाल्याला सांगितलं, "भाचा हाय माझा." त्यानं पैसे घेतले नाहीत.

तो फुकटचा चहा मला पुढं फार महागात पडला, पण ते नंतर.

2018 सालचा एप्रिल संपत आला होता. जमीन उन्हानं वाळून दगडासारखी झालेली. त्याला कुणी मारलं नाही, कुणी पाडलं नाही. चेंडू डावीकडं गेला, अंग डावीकडं वळलं, पाय मात्र जागच्या जागी रुतलेला. कट्ट असा आवाज आला म्हणाला, सुकं चिपाड मोडल्यासारखा. गुडघ्यातली लिगामेंट तुटली.

डॉक्टरकडं मी बरोबर होतो. डॉक्टर समजावून सांगणारा निघाला. म्हणाला, तुटलेली दोरी शिवून चालत नाही, नवी घालावी लागते. मांडीच्या मागच्या बाजूची शीर काढायची आणि हाडाला भोक पाडून तिथं बसवायची. मग त्यानं जे सांगितलं ते बाकीच्यांना कळलं का ठाऊक नाही, पण मला शेतकऱ्याला लगेच कळलं. नवी बसवलेली दोरी पहिल्यांदा मरते. तिला रक्त नसतं. मग हळूहळू तिच्यात रक्त शिरतं, ती जिवंत होते, आणि त्यानंतर कितीतरी महिन्यांनी ती ताण घ्यायच्या लायकीची होते. गंमत अशी की दुखणं आधी थांबतं. पोराला वाटतं मी बरा झालो, चालतो, पळतो, जिना चढतो. पण आत दोरी कच्चीच असते. डॉक्टर म्हणाला, नऊ महिने सामना नाही. वर्ष गेलं तरी चालेल, पण नऊच्या आत नाही.

मी मनात म्हटलं, हे तर कलमच. आंब्याचं कलम लावलं की पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याला मोहोर येतो. बघणाऱ्याला आनंद होतो. आम्ही तो मोहोर खुडून टाकतो. बायका-पोरं हळहळतात, एक तरी आंबा लागू दे म्हणतात. पण झाडाचं लाकूड तयार नसताना फळ धरलं तर झाड खुजं राहतं. हे मी स्वतःच्या हातानं वीसेक झाडांना केलेलं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

ऑपरेशनला एक लाख ऐंशी हजार लागले. मंडळानं वर्गणी काढून पासष्ट हजार दिले. मी ऊसबिलातले चाळीस दिले. उरलेले मेहुण्यानं कुठनंतरी जोडले. वर्गणी काढणारी पोरं खरोखर मनापासून फिरली. एका म्हातारीनं पेन्शनमधले दोनशे दिले आणि "माझा नातू समजून" म्हणाली. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं जे झालं त्यात दुष्ट माणूस कुणीच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात रशियात वर्ल्डकप होता. वर्ल्डकप आला की कोल्हापूरच्या पेठा अर्ध्या ब्राझील, अर्ध्या अर्जेंटिना होतात. मेस्सी आणि नेमारचे दोन-दोन मजली फलक लागतात. भाचा कुबड्या घेऊन गल्लीतल्या पडद्यासमोर खुर्चीवर बसायचा, दुसऱ्या खुर्चीवर पाय. नेमार त्या साली दुखापतीतनंच उठून आलेला. फेब्रुवारीत पायाचं हाड मोडलं, मार्चमध्ये ऑपरेशन, जूनमध्ये मैदानात. आख्खा ब्राझील त्याच्यावर डोळे लावून. बेल्जियमनं 2-1 नं हरवलं आणि ब्राझील घरी गेलं. तोवर जगभर लोक त्याच्या लोळण्यावर हसत होते. आमच्या गल्लीतली पोरंही हसली, जमिनीवर लोळून दाखवली. भाचा हसला नाही. तो लोळायचा नाटकीपणानं, हे मलाही दिसत होतं. पण ज्याच्या पायात तीन-चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालंय त्याच्या मनात प्रत्येक धडकेला काय होत असेल, हे त्या गल्लीत एकट्या भाच्याला कळत होतं.

मग त्याला गोष्टी सांगणं सुरू झालं. रोनाल्डोची गोष्ट तर मी दहा तोंडांतनं ऐकली असेल. हा आत्ताचा पोर्तुगालचा नव्हे, आधीचा ब्राझीलचा. 1999 च्या नोव्हेंबरात त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. 2002 च्या वर्ल्डकपमध्ये त्यानं आठ गोल मारले, अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध दोन्ही त्याचेच. "बघ लेका, रोनाल्डो बघ," असं म्हणून प्रत्येकजण त्याच्या खांद्यावर थाप मारायचा.

एक दिवस भाचा मला म्हणाला, "मामा, ह्या गोष्टीतला मधला भाग कुणी सांगत न्हाई." मधला भाग असा. 12 एप्रिल 2000. रोममध्ये इटलीच्या चषकाचा अंतिम सामना, समोर लॅझिओ. पाच महिन्यांनी रोनाल्डो मैदानात उतरला, दुसऱ्या अर्धात, बदली म्हणून. सहा-सात मिनिटं झाली. चेंडू घेऊन पुढं आला, पायाची ती त्याची नेहमीची हुलकावणी केली, आणि कुणाचा हात न लागता कोसळला. तोच गुडघा. नंतर दोन वर्षं गेली. भाच्यानं मला मोबाईलवर ते दाखवलं. मी अर्ध्यातच "बंद कर" म्हटलं.

गोष्टीचा शेवट गोड झाला म्हणून लोक ती सांगतात. हॉलंडचा फान बास्टेन म्हणून एक होता, त्याच काळातला सगळ्यात मोठा. घोट्याच्या दुखण्यानं अठ्ठाविसाव्या वर्षी, 1993 साली, शेवटचा सामना खेळला. दोन वर्षं वाट बघून तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याची गोष्ट कुणी जखमी पोराला सांगायला जात नाही. आणि जी सांगतात ती सांगताना आपण धीर देतोय असं सांगणाऱ्याला वाटतं. ऐकणाऱ्याला ती मागणी वाटते. तो उठला, मग तू का उठत नाहीस?

जुलै गेला, ऑगस्ट गेला. पेठेतनं दूध आणायला गेला तरी, देवळात गेला तरी, एकच प्रश्न. "कवा उतरणार?" बहीण म्हणायची, "दादा, कुणी कसा हाईस म्हणून इचारत न्हाई रे त्याला. कवा उतरणार, कवा उतरणार." मी तिला म्हटलं, लोकांचं प्रेम असतंय. आणि मी स्वतः रोज रात्री फोन करून काय विचारत होतो? "काय म्हणतोय गुडघा?" मला वाटायचं मी त्याची चौकशी करतोय. मी गुडघ्याची करत होतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. ऑगस्टच्या शेवटी गणपतीची तयारी सुरू झाली, मंडळाची पोरं त्यात गुंतली, आणि पंधरा-वीस दिवस त्याच्याकडं कुणी फिरकलं नाही. मी गेलो तर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. म्हणाला, "मामा, आता कोण इचारत न्हाई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या प्रश्नानं तो वैतागला होता तो थांबला तर तो मोडायला आला. म्हणजे लोकांची अपेक्षा हे त्याच्या अंगावरचं ओझंही होतं आणि त्याला उभं ठेवणारी मेढही होती. अपेक्षाच नको, असं म्हणणारे कुणी साधू असतील. मी जमिनीकडनं अपेक्षा ठेवून जगलेला माणूस आहे. कुणी वाट बघणारं नसेल तर पोरगं पळेल कशाला? त्यामुळं अपेक्षा ठेवावी की ठेवू नये हा माझ्यापुढचा प्रश्न कधीच नव्हता. ती ठेवल्यावर आपल्याला त्या पोरावर काय हक्क मिळतो, आणि काही मिळतो का, हा प्रश्न आहे. तो मला तेव्हा पडला नाही.

थंडी पडली, हंगाम सुरू झाला. ऑपरेशन मे महिन्यातलं. म्हणजे सात महिने झालेले. पेठेची टीम पहिले दोन सामने धड खेळली नाही. लोक म्हणायला लागले, सात काय नि नऊ काय, दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय? डॉक्टर लोक सांगताना जास्तच सांगतात. कोच तयार नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. पण सगळ्यांचं तोंड बंद करणारं वाक्य खुद्द भाच्यानंच म्हटलं. "मी तयार हाय. मी खेळतो."

झालं. मग सगळे मोकळे झाले. मंडळ म्हणालं, पोरगंच म्हणतंय. मेहुणा म्हणाला, त्याचीच मर्जी. बहिणीनं मला फोन केला, "दादा, तू सांग त्याला. तुझं ऐकतोय." मी तिला म्हटलं, "एवढा मोठा झालाय, त्याचं त्याला कळतंय की." मला खरं म्हणजे त्याला खेळताना बघायचं होतं.

त्याचीच मर्जी, ह्या शब्दावर मला माझ्या आयुष्यातली एक जुनी गोष्ट सांगायची आहे. 1983 चा जून. आमच्याकडं पाखऱ्या नावाचा बैल होता. पांढरा, थोडा तांबूस झाक असलेला, कष्टाळू. त्याचा खांदा आला होता. ज्यांनी बैल पाळले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, जू घासून घासून मानेवर सूज येते, कातडी सोलते, त्याला खांदा येणं म्हणतात. वडील हळद-तेल लावून त्याला गोठ्यातच ठेवायचे. पेरणी तोंडावर आलेली, तर शेजाऱ्याशी पैरा करून त्याचा बैल मागितला होता. तो दोन दिवसांनी मिळणार होता. तेवढ्यात पाव्हण्यांत मयत झाली आणि वडील परगावी गेले. पाऊस उघडला, वाफसा आला. मी तेवीस वर्षांचा, रक्त गरम. वाफसा गेला तर पेरणी गेली, हे डोक्यात. मी गोठ्यात गेलो, खांद्यावर हात फिरवला. वरनं खपली धरली होती. जू उचललं आणि पाखऱ्यापुढं धरलं. त्यानं आपणहून मान खाली घातली.

मी दिवसभर भुईमुगाची कुरी चालवली. बैल एकदाही अडला नाही, बसला नाही. संध्याकाळी जू काढलं तर खपलीच्या खाली सगळं ओलं लाल मांस. वडील दुसऱ्या दिवशी आले. मी म्हटलं, "त्यानं न्हाई म्हटलं न्हाई. आपणहून मान दिली." वडिलांनी मला मारलं नाही. बैलाच्या मानेकडं बघत बसले आणि म्हणाले, "बैल न्हाई म्हणत न्हाई, म्हणूनच त्याला इचारायचं नसतं. आपुन बघायचं असतं."

खांदा भरून आला पुढं, पण पाखऱ्या जू बघितलं की मान मागं घ्यायला लागला. दीड वर्षानं वडगावच्या बाजारात पडेल त्या भावानं विकला. न्यायला आलेल्या माणसामागं जाताना त्यानं वळून बघितलं नाही. बैल बघतात, असं गोष्टींत लिहितात. ह्यानं नाही बघितलं.

माणूस म्हणजे बैल नव्हे, त्याला तोंड आहे, हे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण ज्या पोरानं चौकात आपला फोटो बघितलाय, ज्याच्या गुडघ्याला म्हातारीच्या पेन्शनचे दोनशे लागलेत, ज्यानं पंधरा दिवस भिंतीकडं तोंड करून काढलेत, त्याच्या तोंडातनं "मी तयार हाय" सोडून दुसरं काय निघणार होतं? मर्जी असते, पण ती कुठल्या गोठ्यात उभी आहे ते बघायला लागतं.

सामन्याला मी सकाळचं पाणी पाजायचं काम गड्यावर टाकून गेलो. पायऱ्या फुल्ल. टीम एक गोलनं मागं. दुसऱ्या अर्धातली पंचवीसेक मिनिटं राहिली तेव्हा लोकांनी त्याचा नंबर ओरडायला सुरुवात केली. "अकरा! अकरा!" तो उठला, गुडघ्याला पट्टा बांधलेला, रेषेवर उभा राहिला. सगळं स्टेडियम उभं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. शेजारचा अनोळखी माणूस मला मिठी मारून "काटा किर्र!" म्हणाला.

पहिली पाच मिनिटं लोकांनी त्याच्या प्रत्येक स्पर्शाला टाळ्या दिल्या. मग दिसायला लागलं. तो पळत होता, पण चेंडूवर दोघं आले की हा अर्धं पाऊल मागं घ्यायचा. अर्धंच. पण बघणाऱ्याला ते अर्धं पाऊल लगेच दिसतं. टाळ्या थांबल्या. मग शिट्ट्या. मागनं एकजण ओरडला, "आरं, आमचं पैसं लागल्यात त्या गुडघ्याला! पळ की!" लोक हसले. मला राग आला त्या माणसाचा. आणि पुढच्याच मिनिटाला चेंडू आमच्या बाजूच्या रेषेजवळ आला, भाचा आणि समोरचा धिप्पाड बॅक, दोघांच्या बरोबर मध्ये, आणि मी उभा राहून छाती फुटेस्तोवर ओरडलो, "घूस की! घूस आत!"

त्यानं वर बघितलं का? माझ्याकडं? मला तसं वाटलं. कदाचित चेंडूकडंच बघितलं असेल. तो घुसला. दोघं आदळले, चेंडू त्याच्याकडं राहिला, तो पडला, उठला. स्टेडियम पेटलं. "नाद खुळा!" तो शेवटपर्यंत खेळला. गोल झाला नाही. टीम हरली, पण लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

रात्री गुडघा नारळाएवढा सुजला. नवी दोरी शाबूत होती, गादी फाटली होती. पुन्हा ऑपरेशन, गादीचा फाटका तुकडा काढून टाकला. ह्या खेपेला वर्गणी झाली नाही. कुणी आखडता हात घेतला असंही नाही, फक्त कुणी काढली नाही. फेब्रुवारीपर्यंत पेठेला दुसरा अकरा नंबर मिळाला होता.

तो सामना झाला त्याच आठवड्यात माझ्या रानात ऊसतोड चालू होती. बीडकडची टोळी. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. त्यातल्या एकाच्या पायाला कोयता लागून जखम झालेली. फडकं बांधून तो तोडत होता, फडकं भिजलेलं. मी म्हटलं, "बाबा, दोन दिवस बस की." तो थांबला नाही. वाकल्या वाकल्या म्हणाला, "उचल घेतलीया, मालक. फिटंस्तोवर बसता येत न्हाय."

उचल म्हणजे काय ते गावाकडच्या वाचकांना ठाऊक आहे. शहरातल्यांसाठी सांगतो. हंगामाच्या आधी मुकादमाकडनं अंगावर पैसे घ्यायचे आणि मग अंगानंच फेडायचे. घेताना अडचण असते, लग्न असतं, दवाखाना असतो. देणारा तेव्हा देवासारखा वाटतो. घेतल्यावर मात्र तुमचं अंग तुमचं राहत नाही.

मी बांधावर तसाच उभा राहिलो. आम्ही त्या पोराला काय दिलं होतं? फलक, टाळ्या, पासष्ट हजार, चाळीस हजार, "माझा नातू समजून" दोनशे. आम्ही त्याला प्रेम म्हणत होतो. मनात कुठंतरी वही होती. आणि त्या ऊसतोड्याचं निदान बरं, त्याला आपण किती घेतलंय ते ठाऊक होतं. त्याची फिटायची तरी होती. पेठेनं दिलेली उचल किती, ती कधी फिटते, कुणाकडं फेडायची, हे पोराला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं अंगठासुद्धा दिला नव्हता.

आमच्या भागात ह्याच्या उलट एक गोष्ट घडलेली आहे, ती मला नेहमी आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला जायचे होते, पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. 1952 चे सात हजार. खाशाबांनी ब्राँझ आणलं. पण मी विचार करतो तो दुसराच. त्यांनी ते आणलं नसतं, पहिल्याच कुस्तीत चीत झाले असते, तर खर्डेकर सर काय म्हणाले असते? मला तर वाटतं, "जेवलास का?" म्हणाले असते. ही माझी समजूत झाली, पुरावा नाही. पण घर गहाण टाकणारा माणूस आणि पायरीवर बसून ओरडणारा माणूस ह्यांच्यात रकमेचा फरक नाही एवढं मला कळतं. पुढच्या, 1956 च्या ऑलिम्पिकच्या वेळी खाशाबांचाही गुडघ्यानंच घात केला.

भाच्यानं त्यानंतर दोन वर्षं प्रयत्न केले. खालच्या डिव्हिजनच्या टीमकडनं थोडं खेळला. मग त्याचं तोच एक दिवस बूट धुऊन, वाळवून, शेजारच्या पोराला देऊन आला. आता शिरोलीला फौंड्रीत मशीनवर आहे, संध्याकाळी लहान पोरांना मैदानावर शिकवतो. लग्न झालं. जिना उतरताना कठड्याला हात लावतो, वर जाताना नाही. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, किंबहुना जास्तच. त्या दिवशी त्यानं माझा आवाज ओळखला होता का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. एकदा भुईमुगाच्या काढणीला तो आला होता तेव्हा, बांधावर दोघंच बसलो असताना. मी शेंगा झोडत राहिलो.

गेल्या हंगामात तो मला सामन्याला घेऊन गेला. मी स्टेडियमला जायचं जवळजवळ सोडलेलं, पण त्यानं शिकवलेलं एक पोरगं आता पेठेकडनं खेळतं, त्यासाठी. सतरा-अठरा वर्षांचं. त्याचा घोटा मुरगळला होता, दीड महिन्यानं उतरत होतं. लोकांनी नंबर ओरडायला सुरुवात केली. मी गप्प बसलो. भाचाही गप्प, मांडीवर शेंगांची पुडी, दोन्ही कोपर गुडघ्यांवर. पोरगं आत आलं, दोनदा चेंडू मिळाला, दोन्ही वेळा जपून मागं दिला. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. तिसऱ्यांदा चेंडू त्याच्यापुढं पडला, समोर मोकळी जागा, एकच बॅक मध्ये. भाचा ताडकन उभा राहिला, शेंगा सगळ्या खाली सांडल्या.

"जा की रं!" तो ओरडला. "जा आत!"

पोरगं गेलं. चेंडू बाहेर गेला, पाय ठीक होता. भाचा थोडा वेळ उभाच राहिला. मग खाली बसला, माझ्याकडं न बघता वाकून पायऱ्यांवरच्या शेंगा एकेक करून वेचायला लागला. मीही वाकलो.